कॉलरवरचं बटण

वाचनालयाच्या सभागृहात त्या सोमवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी पुस्तक बदलायला दिवसाला चार माणसं येतात, त्यातली दोन पंख्याखाली बसायला. त्या दिवशी मात्र दीड-दोनशे माणसं माना उंचावून समोरच्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर एक फोटो होता. घाटमाथ्यावरचं बंद पडलेलं विश्रामगृह, सगळीकडे धुकं, मोडकं कुंपण, आणि वरच्या मजल्यावरच्या काळोख्या खिडकीत एक तरुण चेहरा. पातळ, धुरकट, पण डोळे स्वच्छ. तो सरळ आपल्याकडेच बघत होता.

"तोच आहे हो," कोणीतरी पुटपुटलं आणि सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेकडे वळल्या.

तिथे मावशी बसल्या होत्या. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात, कपडे शिवतात. मी त्यांना मावशी म्हणते म्हणून सगळं गाव म्हणतं. त्यांचा एकुलता एक मुलगा रस्त्याची मोजणी करणाऱ्या तुकडीत होता. सहा वर्षांपूर्वी त्याच घाटात, असल्याच धुक्यात तो पुढे गेला आणि परत आला नाही. तो सापडला नाही आणि त्याची पिशवीही सापडली नाही.

फोटो काढणारे गृहस्थ पडद्याशेजारी उभे होते. हे पूर्वी लग्नाचे फोटो काढायचे. त्यांच्या फोटोत नवरीचे डोळे हटकून मिटलेले यायचे, त्यामुळे कामं आटली. मग गळ्यातला कॅमेरा तसाच ठेवून त्यांनी अंगात पांढरा झगा चढवला आणि ते 'छायागुरू' झाले. प्रवासात काढलेल्या फोटोंची एक ऑनलाइन स्पर्धा होती, विषय 'वाटेवर भेटलेलं'. गुरूंनी तिथे हा फोटो पाठवला होता. निकाल लोकांच्या मतांवर लागणार होता आणि बक्षीस होतं जगाची सफर.

"मंडळी, हे मत नव्हे, हा श्वास आहे!" गुरूंनी हात पसरले. "तुम्ही इथे बोट टेकवता, तिथे त्याच्या छातीत एक श्वास भरतो. दहा हजार श्वास झाले की तो बोलेल!"

"घरात चार मोबाइल असले तर?" पोस्टमननी विचारलं.

"चार श्वास."

"आणि एका मोबाइलवर दोन ईमेल असले तर?"

गुरू जरा घुटमळले. "आत्मा ईमेल मोजत नाही," ते गंभीरपणे म्हणाले, "पण स्पर्धा मोजते. दोन्हींवरून द्या."

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. माझं फोटो फ्रेम करण्याचं दुकान आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण खरं सांगते, त्या चेहऱ्याकडे बघून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मावशींच्या भिंतीवर त्याचा जो फोटो आहे तो मीच तयार करून दिला होता. त्या चेहऱ्याची रेघन् रेघ मला पाठ होती आणि तो त्याचाच होता, यात शंका नव्हती.

गुरूंनी मग खरी बातमी सांगितली. फोटो अंतिम फेरीत गेला होता. समितीने मूळ फाइल मागवून तपासली होती, कॉम्प्युटरवर काहीही फेरफार नव्हता. आता त्याच जागेचा दुसरा फोटो पाठवायचा होता.

"रविवारी सकाळी आपण आईंना वर नेणार. आई त्या खिडकीत उभ्या राहतील आणि लेक मागे प्रकटेल. एका दिवसात नाही जमलं तर चार दिवस राहतील. आईच्या मायेपुढे थंडी ती काय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत. मावशींचं हृदय अधू आहे. उंचावर आणि थंडीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. त्या दिवसांत वर पिंपातलं पाणी गोठतं आणि दोन मैलांत माणूस नसतो.

मी रात्रीच्या जेवणाआधीच वर मावशींकडे गेले. मावशी पिशवी भरत होत्या. त्यात त्यांचे दोन कपडे होते आणि मुलाचा स्वेटर होता. औषधांची डबी टेबलावरच होती.

"मावशी, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांचा मुलगा आहे ना घरी?"

"चार दिवसांनी परत तरी याल ना?"

"परत कशाला येऊ? सहा वर्षं तो तिथे उभा आहे आणि मी इथे मशीन चालवत बसले." त्यांनी स्वेटरची घडी पुन्हा घातली. "तू बघितलंस ना त्याला?"

"बघितलं."

"मग?"

मी खाली आले.

त्या आठवड्यात अर्धं गाव तो फोटो छापून माझ्याकडे फ्रेम करायला घेऊन आलं. दुकानाच्या तिन्ही भिंतींना तो टेकून उभा होता, वीस-बावीस खिडक्यांतून वीस-बावीस चेहरे. काच कापताना मान वर करायची सोय राहिली नव्हती. सगळे फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवले, तर ते पाठीनेच बघतायत असं वाटायला लागलं. एकदा पायरीवर पाऊल वाजलं आणि मी त्याचं नाव घेऊन हाक मारली. विजेचं बिल टाकायला माणूस आला होता.

शुक्रवारी दुपारी एका प्रिंटवर काच बसवताना कॉलरवर धुळीचा कण दिसला. मी फडक्याने पुसला. जाईना. ब्रशने झटकला. जाईना. मग भिंग लावलं.

तो कण नव्हता. कॉलरच्या टोकावरचं बारीक पांढरं बटण होतं.

ते बटण माझं होतं. मुलगा गेल्यावर मावशींनी मला तुकडीचा एकत्र काढलेला फोटो दिला होता. मित्राने त्याच्या खांद्यावर हात टाकला होता, त्यामुळे कॉलरची एक बाजू झाकली गेली होती. मी त्याला एकट्याला कापून काढलं, मागचं सगळं काळं केलं, मित्राचा हात पुसला आणि कॉलर मनाने रंगवली. हाताच्या सवयीने टोकाला एक बटणही रंगवलं. "असं बटण नव्हतं त्याच्या शर्टाला," मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या. "दुरुस्त करून देते," असं मी म्हणाले आणि आळस केला.

म्हणजे त्याने जे बटण कधी लावलंच नव्हतं, ते लावून तो मेल्यानंतर खिडकीत उभा होता. शिवाय मी ते रंगवलं होतं डाव्या कॉलरवर आणि इथे ते उजव्या कॉलरवर होतं. भांगही उलटा. डावं-उजवं उलटं कुठे दिसतं, हे काचेचं काम करणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. आणि मग आठवलं, दोन महिन्यांपूर्वी गुरू मावशींच्या भिंतीवरचा तो फोटो 'ध्यानासाठी' आठ दिवस घरी घेऊन गेले होते.

दुकान बंद करून मी खटपटीला लागले. तीन काचा फुटल्या, चौथीने काम केलं.

शनिवारी सभागृहात शेवटची बैठक होती. मी मावशींच्या भिंतीवरचा फोटो, टेबलावरचा दिवा आणि हातभर काच घेऊन गेले.

"समितीने मूळ फाइल तपासली आहे!" गुरू गरजत होते. "कॉम्प्युटरचा हात लागलेला नाही!"

"अगदी खरं," मी म्हणाले. "काचेचा लागलाय."

मी पोस्टमनचा मोबाइल मागून घेतला. जुन्या वर्तमानपत्रांची अंधारी खोली मागे आहे, तिच्या उघड्या दाराकडे तो रोखला. मोबाइलसमोर काच तिरकी धरली. बाजूला, मोबाइलला थेट दिसणार नाही असा, मुलाचा फोटो ठेवला आणि त्यावर दिवा लावला. मग म्हटलं, "या, बघा."

पोस्टमन वाकले आणि दचकून मागे सरले. अंधाऱ्या खोलीत तो उभा होता. धुरकट, पातळ, डोळे स्वच्छ. एक बाई किंचाळली. मी दिवा विझवला, तो गेला. दिवा लावला, तो आला.

"काचेतून पलीकडचं दिसतं आणि काचेत बाजूचं उमटतं," मी म्हणाले. "दोन्ही एकदम टिपलं की झाला आत्मा. फोटोची मागची बाजू काळी, म्हणून नुसता चेहराच उमटतो. ती काळी मीच केली होती. यांचं अर्धं काम मीच करून ठेवलं होतं."

"श्रद्धा नसलेल्याला काचच दिसणार!" गुरू ओरडले. "आत्मा तुमच्याही काचेत येऊ शकतो!"

"आणि दिवा विझला की जातो होय?" पोस्टमन म्हणाले. "मी तीन ईमेल खर्च केले हो तुमच्यापायी."

लोक हसले, तोवर मावशी उठल्या. त्या मोबाइलमध्ये बराच वेळ बघत राहिल्या. त्या माउलीचा मुलगा मी दुसऱ्यांदा मारतेय, असं मला वाटलं. मग त्या पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी कॉलरवर बोट ठेवलं.

"हे बटण. तो शर्ट मी शिवला होता. मी असं बटण लावलंच नव्हतं." त्या गुरूंकडे वळल्या. "फोटो परत देताना तुम्ही काच लख्ख पुसून दिली होती. मला वाटलं, केवढी माया."

गुरूंनी झगा सावरला आणि पुस्तकांच्या कपाटांमधून वाट काढत ते निघून गेले. आम्ही आमच्या प्रयोगाचा फोटो समितीला पाठवला आणि त्यांनी गुरूंची प्रवेशिका बाद केली. काही जण अजून म्हणतात, काहीतरी असेलच. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डोळ्यांनी बघितलं, एवढ्यावर थांबू नका. प्रकाश कुठून आला, मध्ये काय होतं आणि दाखवणाऱ्याला काय मिळणार होतं, हे विचारा. ज्यावर विश्वास ठेवावा असं मनापासून वाटतं, ते तर भिंग लावून बघा. माणूस दुःखात असताना हे जमत नाही. म्हणून तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्यासाठी बघायचं असतं. मी पाच दिवस उशीर केला.

रविवारी सकाळी, गाडी निघायच्या ठरल्या वेळी, मावशी पिशवी घेऊन दुकानात आल्या. त्यांनी पिशवीतून तो फोटो काढून टेबलावर ठेवला.

"बटण आत्ता पुसून देते, मावशी."

"नको. हा नकोच मला. तो मूळचा आहे ना तुझ्याकडे, सगळ्यांचा?"

मी कपाटातून काढला. मोकळं माळरान, लख्ख ऊन, सहा पोरं हसतायत, आणि त्याच्या खांद्यावर मित्राचा हात.

"यातला त्याचा चेहरा तेवढा मोठा करू?"

"काही कापू नकोस. आहे तसा कर." त्यांनी त्या हातावरून बोट फिरवलं. "सहा वर्षं मी त्याला काळोखात एकटाच बघतेय, पोरी. तिथे ऊन होतं की."