खुणेला खूण

मिस्त्रीणबाईंचा एक नियम होता आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. यंत्र खोलायचं तर आधी खूण करायची. दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात, तिथे दोन्हींवर लोखंडी पंच ठोकून एकेक ठिपका मारायचा, मग पाना लावायचा. बसवताना ठिपक्यासमोर ठिपका आणायचा. खुणेला खूण. हा नियम नवऱ्याने शिकवलेला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण गॅरेज त्याच नियमावर चाललं होतं आणि चांगलं झकास चाललं होतं. बाईंनी हात लावलेली गाडी परत आली, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

आणि त्या दिवशी दुपारी तीनला त्यांच्या घरचीच मोटारसायकल त्यांना जुमानत नव्हती.

गाडी लग्नाच्याही आधीची. काळी, जड, किक मारल्याशिवाय जागची न हलणारी. नवऱ्यामागे तिच्यावर फारसं कुणी बसत नव्हतं, म्हणून नाक्यावरचा हॉटेलवाला ती मागायला आला होता. त्याला ती हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती. शोभेला. बाई एकदा हो म्हणून बसल्या होत्या आणि उद्या सकाळी दहाला तो टेम्पो घेऊन येणार होता. तेवढ्यात लेकीला डोंगरापलीकडच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. तिकडे दिवसातून एकच बस, आणि गुरं काही बसचं वेळापत्रक बघून आजारी पडत नाहीत.

"गाडी मला दे," लेक म्हणाली.

"माझ्यासमोर लागोपाठ तीनदा चालू कर, गाडी तुझी. नाही जमलं तर भिंतीवर. अर्ध्या रस्त्यात बंद पडून तू रडत बसलीस, तर मी काय करू इथून?"

हे झालं सोमवारी. आज शनिवार, आणि लेक उद्या सकाळी सहाला निघणार होती. मध्ये अडचण फक्त एक होती. लेकीने किक मारली की किकचा दांडा खाली येता येता फूटरेस्टवर आदळायचा. ठक्क! पाय उसळून वर, इंजिन अर्धं फिरून गप्प. लेकीच्या नडगीवर एव्हाना दोन काळेनिळे डाग उठले होते.

बाईंनी आठवडाभर काय काय केलं नव्हतं? दांडा गॅसवर लालबुंद तापवून एक सूत बाहेर वाकवला. फूटरेस्टचा कोपरा कानशीने घासला. झिजलेलं बुश काढून नवं घातलं. दर वेळी दांडा शाफ्टवरून उतरवला आणि दर वेळी ठिपक्याला ठिपका लावून परत बसवला. तो ठिपका नवऱ्याच्या हातचा. खाली किती जागा राहते ते बघायला दांड्याला खडू फासला, तर खडू प्रत्येक वेळी फूटरेस्टवर उमटला.

"अजून वाकवला तर गाडीवर बसल्यावर पाय फेंगडा टाकावा लागेल," बाई म्हणाल्या. "दांड्यात काही खोट नाही. तुलाच किक मारता येत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं."

"मग तू मारून दाखव."

बाईंनी पदर खोचला, पिस्टन जाग्यावर आणला आणि एक आखूड, चपळ टोला दिला. गाडी धडधडत चालू झाली. कुठे ठक्क नाही की काही नाही.

"बघ," त्या म्हणाल्या आणि गाडी बंद केली.

लेकीने तशीच मारून पाहिली. ठक्क. ती मटकन पायरीवर बसली आणि नडगी चोळू लागली. "तुझ्या पायाला चालू होते, माझ्या पायाला आपटते. गाडी काय पाय ओळखते का?"

बाई चिडल्या. उत्तर नसलं की त्या चिडायच्या, ही साऱ्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट. "रात्री जेवलीस का नीट? पायात जोर नको?" असलं काहीबाही त्या बोलल्या, पण मनातून त्यांना लागलं होतं. गाडी भिंतीवर गेली असती तर त्यांना वाईट वाटलं असतंच. पण गाडी भिंतीवर जाणार ती आपल्याच हातून दुरुस्त झाली नाही म्हणून, हे त्यांना सोसवत नव्हतं.

तेवढ्यात धाकटे दीर आले. त्यांचं शिवणकामाचं दुकान शेजारच्याच गाळ्यात, इथलं प्रत्येक बोलणं तिकडे ऐकू जायचं; गळ्यात चोवीस तास टेप. पुतणीला नोकरीवर घालायला दोन पँटी शिवल्या होत्या, त्या हातावर टाकून आले होते.

"काय वहिनी, अजून चालूच आहे का कुस्ती? हॉटेलवाल्याने भिंतीत खिळेसुद्धा ठोकले म्हणतात."

"भावजी, तुमची जीभ शिवून ठेवा जरा," बाई म्हणाल्या. दिराला खिजवायलाच त्यांनी पुन्हा एक टोला दिला आणि गाडी पुन्हा चालू झाली.

दीर मात्र हसले नाहीत. वहिनींच्या पायाकडे बघत राहिले. "वहिनी, तुम्ही अगदी दादासारखी किक मारता. अर्धीच."

"अर्धी म्हणजे?"

"दांडा निम्म्यावर येतो आणि तुम्ही पाय काढून घेता. दादा तसंच करायचा. त्याचा गुडघा वाकायचाच कुठे पुरता?"

बाईंनी गाडी बंद केली. "काय बोलताय? शिडीवरून पडले होते, तेच ना? महिन्यात बरे झाले होते."

"बरा कसला होतोय. त्या वर्षापासून त्याच्या सगळ्या पँटी मी उजव्या गुडघ्यात दोन बोटं सैल शिवायचो. मला दम दिला होता, तुझ्या वहिनीला कळलं तर गॅरेजला कुलूप लावेल, गप्प बस म्हणून. मी बसलो गप्प." दिरांनी गळ्यातली टेप उगाचच नीट केली. "आता कोण कुलूप लावणार आहे?"

बाईंनी पाना हातात घेतला. त्यांना राग आला होता, आणि तो एकट्या दिरांचा नव्हता. एका घरात, एका गॅरेजात सव्वीस वर्षं काढली आणि नवऱ्याचा गुडघा शिंप्याला कळला, बायकोला नाही! त्याच वर्षी नवरा म्हणाला होता, "किकचा दांडा जरा सोपा केलाय बघ." आणि त्यानंतरच त्याने त्यांना गाडी शिकवली होती. तो मारायचा तशी त्या मारायला शिकल्या. किक अशीच असते, असं त्या धरून चालल्या होत्या.

"रॉकेल आण," त्या लेकीला म्हणाल्या.

त्यांनी बोल्ट सैल केला, दांडा ओढून काढला आणि शाफ्टचं टोक ब्रशने खसाखसा घासलं. शाफ्टला भोवती बारीक दात असतात, दांडा त्यांच्यावर बसतो. ठिपका होता तिथेच होता, स्पष्ट, ठसठशीत. पण वर्षानुवर्षांचं काळं निघालं तसं बाईंना आणखी एक दिसलं. ठिपक्यापासून एका दाताच्या अंतरावर एक पुसट रेघ होती. गाडी घडवणाऱ्याने मारलेली, मूळची.

"म्हणजे यांनी दांडा एक दात खाली घेतला होता," बाई सावकाश म्हणाल्या. "पाय फार वर उचलायला नको म्हणून. वरून खाली आला, तर शेवटही खाली गेला. म्हणून फूटरेस्टवर येतो. आणि हे कधी तिथवर गेलेच नाहीत, म्हणून त्यांना आपटला नाही. मलाही नाही."

"आणि तू दर वेळी बाबांच्याच खुणेला लावत होतीस," लेक म्हणाली.

"अंगणच वाकडं होतं की, वहिनी," दीर म्हणाले.

"गप्प बसा, भावजी. इतकी वर्षं बसलात, अजून पाच मिनिटं बसा."

दांडा हातात घेऊन त्या शाफ्टसमोर उकिडव्या बसल्या. ठिपका सोडून कुठे दुसरीकडे काही बसवायचं, हे त्यांच्या हाताने जन्मात केलं नव्हतं. हात नेमका ठिपक्याकडेच वळत होता. मग त्यांनी दांडा एक दात वर घेतला, रेघेवर बसवला आणि बोल्ट आवळला. हाताने तो शेवटपर्यंत खाली दाबला. दांडा आणि फूटरेस्ट यांच्यात करंगळी आरामात जात होती.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि पूर्ण मार. भिऊ नको."

लेकीने गुडघा पार पोटापर्यंत उचलला आणि सगळं वजन खाली सोडलं. गाडी चालू झाली. बंद केली, दुसऱ्यांदा मारली. झाली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिने खाली बघितलंसुद्धा नाही. खडूचा कण कुठे उमटला नव्हता. दिरांनी हातावरच्या पँटी वर धरून झेंड्यासारख्या हलवल्या.

"थांब, मला बघू दे," बाई म्हणाल्या. पदर खोचून त्यांनी नेहमीचा आखूड टोला दिला. दांडा वरच्या वरच फिरला, इंजिनाने साधा हुंकारही दिला नाही. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

"आई, पाय आणखी वर घे ना."

बाईंनी घेऊन पाहिला. त्यांचा पाय तेवढा वर जात नव्हता. छप्पन्न वर्षांचा पाय तो, आणि शिकला होता दुसऱ्याच्या दुखऱ्या गुडघ्याकडून. लेकीने चटकन पान्याला हात घातला. "परत खाली घेऊ का एक दात? तुला नंतर चालवता—"

"हात लावू नकोस." बाईंनी हत्यारांच्या डब्यातून पंच आणि हातोडी काढली. रेघेवर, शाफ्टच्या टोकाला एक आणि दांड्याला एक, असे दोन नवे ठिपके मारले. जुना ठिपका तसाच राहू दिला. मग कमरेचा जुडगा काढला, त्यातली गाडीची किल्ली नखाने ओढून सोडवली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

"खोललीस तर ह्याच खुणेला लाव," त्या म्हणाल्या. "आणि भावजी, हॉटेलवाल्याला सांगा, खिळ्यांना घड्याळ टांग."