पूजेला आलेला लॅपटॉप

बिरुदेवानं सांगितलं होतं, आणि दानेश्वरीनं ते कानामागं टाकलं होतं.

“ताई, राग मानू नका, पण हा पोरगा पुण्यात एकटा राहणार की,” सोलापूरच्या नव्या पेठेतल्या आपल्या दुकानात काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडून बिरुदेव म्हणाला होता. “संध्याकाळ झाली की हॉस्टेलातली पोरं खेळायला बसतात. ज्याच्या मशीनवर गेम चालत न्हाय, त्याला कोण हाक मारत न्हाय. मी दोन वर्षं काढलीत तितं. अभ्यास कशावरबी होतो. तुमी सोबतीचं मशीन बघा.”

दुकानदार महागाची वस्तू पुढं सरकवताना मायेनं बोलतो, हे दानेश्वरीला ठाऊक होतं. ती काही अडाणी नव्हती. बी.एस्सी. झालेली, दुपारी शांभवी झोपली की पंधरा दिवस मोबाईलवर परीक्षणं वाचून, वहीत रॅम, वजन, बॅटरी अशा रेघा मारून आलेली. चार वर्षांची शांभवी तिच्या मांडीवर बसून माउसची वायर गुंडाळत होती. भाऊ बसू मागं उभा होता. बारावी झालेला, मेकॅनिकलला नंबर लागलेला, उंचीनं दरवाजाला लागेल असा.

काउंटरवर एक काळा, जाडजूड लॅपटॉप होता. कळांखालून लाल उजेड, चार्जर विटेएवढा. दुसरा रुपेरी, ताटलीसारखा सपाट, बॅटरी दहा तास.

“ह्या पातळ्यावर गेम चालतो का?” तिनं मुद्दामच विचारलं.

“पत्ते खेळता येतील,” बिरुदेव म्हणाला. “एकट्यानं.”

बसू गालात हसला. त्याचं बोट काळ्या लॅपटॉपच्या एका कळेवर टेकलं होतं, दाबत नव्हतं, नुसतं टेकलेलं. दानेश्वरीनं ते पाहिलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. पाहून काय करायचं तेवढंच चुकायचं.

“तिसऱ्या वर्षाला डिझाइनची सॉफ्टवेअरं आली की ग्राफिक्स कार्ड लागंल, बघा.”

“तिसऱ्या वर्षाचं तिसऱ्या वर्षी. बसू, तुला काय वाटतं?”

“तू म्हणशील ते, अक्का.”

रुपेरी लॅपटॉप पिशवीत गेला.

आई गेली तेव्हा बसू नऊ वर्षांचा होता आणि दानेश्वरी वीसची. लग्न होऊन ती जुळे सोलापुरात आली, आणि दहावीनंतर बसूही तिच्याकडंच आला. अप्पा अक्कलकोटकडच्या गावी शेतावर एकटेच. नवरा मल्लिनाथ पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या कंपनीत. आठवडाभर उजनीकाठच्या गावांत फिरती, रविवारी घरी. म्हणजे खरं बघायला गेलं तर दोन वर्षं त्या घरात बहीण-भाऊच राहत होते, आणि मधे दुडुदुडु धावणारी शांभवी.

बसू दिवसभर मूग गिळून बसल्यासारखा. पण संध्याकाळी सात वाजले की खोलीचं दार लोटायचा आणि गल्लीतल्या तिघा मित्रांशी त्या जुन्या डबड्या कॉम्प्युटरवर दीड तास खेळायचा. दाराआडून आवाज यायचा, “अरे मागं बघ की, मागं! लई भारी! आज चहा तुझ्याकडून!” भाकरी थापता थापता दानेश्वरीचा हात थांबायचा. हा आपलाच भाऊ का, असं तिला वाटायचं. आणि लगेच दुसरं वाटायचं, की हा नाद असाच वाढला तर चार वर्षं मातीत जातील. तिची काळजी अशी होती. गोड आवाज ऐकला तरी त्यातून ती धोक्याचाच अर्थ काढायची.

त्यामुळं लॅपटॉप घरी आल्यावर तिनं आणखी एक काम केलं. शांभवीच्या टॅबवर मुलांवर लक्ष ठेवायची सोय होती; किती वेळ काय बघितलं, त्याचा हिशेब दर रविवारी आईच्या मोबाईलवर यायचा. त्याच खात्यात तिनं बसूलाही घातलं. वय भरताना एकोणीसच्या जागी बारा लिहिलं, कारण बाराला नियम कडक लागतात.

“अक्का, मी बारा वर्षांचा?”

“माझ्यासाठी तेवढाच.”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. चार्जर गुंडाळून पिशवीत ठेवत राहिला.

बसू पुण्याला गेला आणि घर एकदम मोठं झालं. सातच्या सुमाराला दानेश्वरी उगाच मिक्सर लावायची, टीव्ही लावायची. शांभवी मामाच्या खोलीचं दार लोटून आत जायची आणि आतून ओरडायची, “मागं बघ की, मागं!” मग दानेश्वरी तिला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहायची. समोरच्या इमारतीत लोक राहत होते, ओळखीचे होते, पण कुणाला जाऊन काय सांगणार? भाऊ शिकायला गेलाय, घर खायला उठलंय? लोक म्हणतील, कौतुकच की.

फोन रोज व्हायचा. घरातली भाषा कानडी, ती विचारायची, “ऊटा आतेनो?” जेवण झालं का.

“आत, अक्का.”

“अभ्यास?”

“चालू आहे.”

“रूममेट कसे आहेत?”

“चांगले आहेत.”

पलीकडं पंख्याचा आवाज. फोन ठेवावा असं दोघांनाही वाटत नसे आणि बोलायला काही सुचतही नसे.

त्यातल्या त्यात रविवारच्या हिशेबाचा आधार होता. त्यात लिहून यायचं, गेम शून्य मिनिटं. पहिल्या रविवारी तिनं अप्पांना फोन करून सांगितलं. “एकदाही खेळला नाही, अप्पा. नाद सुटला बघा.” अप्पा म्हणाले, “शाणा झाला पोरगा.” त्याच हिशेबात खाली आणखी एक ओळ असायची. व्हिडिओ, रोज आठ तास, कधी नऊ. आताशा सगळं शिकवणं व्हिडिओवरच असतं, तिनं मानून घेतलं. चौथ्या रविवारी अकरा तास होते. तिला वाटलं, किती मेहनत करतोय.

खंडेनवमी जवळ आली तसा तिचा जीव त्याच्यासाठी तुटायला लागला. त्यांच्याकडं खंडेपूजा मोठी. अप्पांकडं नांगर, विळे, कुऱ्हाड. हिच्याकडं मल्लिनाथचे पाने, स्कूटर, शिलाई मशीन. ज्यावर पोट चालतं त्या सगळ्याला पुसून, विभूतीचे पट्टे ओढून, झेंडूची फुलं वाहायची. आणि एक नेम. पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. त्यालाही एक दिवस विसावा.

आता घरी ये, करमत नाही, हे शब्द त्या घरात कुणी कुणाला म्हणालेलं नव्हतं. आई गेली त्या वर्षीसुद्धा अप्पा पोरांना “तुमी या” म्हणाले नाहीत, “गाईला बघून जावा” म्हणाले होते. दानेश्वरीनंही तेच केलं.

“बसू, खंडेनवमीला तुझा लॅपटॉप पूजेला पाहिजे. पहिलंच वर्ष आहे त्याचं.”

पलीकडं पंखा फिरत होता.

“बरं,” बसू म्हणाला.

तिनं पुरणाची डाळ आणली. त्याच्या खोलीतली चादर बदलली. आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला. “अक्का, लॅपटॉप ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिलाय. सकाळी सहाला पोचेल. मला सबमिशन आहे, जमत नाही.”

सकाळी शांभवीला शेजारी सोपवून ती थांब्यावर गेली. ड्रायव्हरनं डिकीतून टॉवेलात गुंडाळलेलं पार्सल काढलं. “जपून घ्या बाई, पोरगा लई वेळ उभा होता. बस हलेपर्यंत गेला न्हाय.”

“काही म्हणाला?”

“न्हाय की. नुसता उभा.”

दहाच्या सुमाराला तिनं पाट मांडले. पाने, कात्री, शिलाई मशीन आणि मधोमध लॅपटॉप. टॉवेल सोडताना तिच्या लक्षात आलं, झाकणावरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा अजून तसाच होता. सव्वा महिन्यात कुणी काढला नव्हता. शांभवीनं मूठभर झेंडू उघड्या कळांवर वाहिला. “मामाचा लॅपटॉप आंघोळ करून आला,” ती म्हणाली. “मामा कुठाय?”

“मामाला सबमिशन आहे,” दानेश्वरी म्हणाली, आणि उदबत्ती लावता लावता तिचा हात थांबला.

सबमिशन कशावर करतोय?

तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शांभवी नैवेद्यातली पोळी मागत होती. दानेश्वरी समोरच्या पाटाकडं बघत राहिली. नेम मोडायचा नसतो; आईनं तिला एकदा विळी उचलली म्हणून हातावर मारलं होतं. तिनं लॅपटॉप उचलला. कळांमधून झेंडूच्या पाकळ्या फरशीवर सांडल्या.

खातं तिनंच उघडून दिलेलं, त्यामुळं पासवर्ड ठाऊक होता. ड्रॉइंगच्या फोल्डरात एकच शीट, तीही अर्धी, पहिल्या आठवड्यातली. मग व्हिडिओंची यादी. लेक्चर नव्हतंच एक. सगळे त्या एकाच गेमचे. कुणीतरी तीन तास खेळतंय, कुणीतरी चार तास, चौघं मित्र एकमेकांवर ओरडताहेत, आणि हा बघतोय. सकाळी नऊपासून. कॉलेजच्या वेळेत. इनबॉक्समध्ये मेल होतं कॉलेजचं. हजेरी अठरा टक्के, पालकांनी येऊन भेटावं. पालकांच्या ईमेलच्या जागी बसूनं स्वतःचाच ईमेल भरलेला होता. मेल उघडलेलं होतं.

गेम शून्य मिनिटं. ह्या शून्याचं आपण अप्पांना कौतुक सांगितलं. दानेश्वरी फरशीवर बसली. पोराला बारा वर्षांचं करून त्याच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब तिच्याकडं होता, आणि त्यात तो कुठंच नव्हता.

तिनं हॉस्टेलच्या रेक्टरला फोन केला. खासगी हॉस्टेल, कॉलेजच्या मागचं.

“कोण बसवराज?”

“दोनशे सतरा नंबर. उंच आहे. मेकॅनिकल, पहिलं वर्ष.”

“मॅडम, दसऱ्याला अर्धं हॉस्टेल रिकामं आहे. मीही गावी आलोय. दोनशे सतरामधले दोघं कधीच दुसऱ्या रूमला गेले, तो एकटाच असतो. झोपला असेल. वॉचमनला सांगतो.”

“आत्ता सांगा.”

“सांगतो हो.”

वीस मिनिटांनी तिनं परत केला. रेक्टरनं उचलला नाही. वॉचमनचा नंबर तिच्याकडं नव्हता. मेसचा होता, जवळच्या दवाखान्याचा होता, ॲम्ब्युलन्सचासुद्धा होता. प्रवेशाच्या दिवशी सगळं वहीत उतरून घेतलेलं. एकाही मुलाचा नंबर नव्हता. ‘चांगले आहेत’ म्हणालेल्या रूममेटांची तिनं नावंही कधी विचारली नव्हती.

मल्लिनाथनं पहिल्याच रिंगला उचललं. मागं मोटारीचा आवाज होता. तिनं सांगितलं, जमेल तसं, तुटक.

“रडू नको. ऐक. मी हितनं निघतो गाडीवर. तीन तास तरी लागतील. तू पोरीला घेऊन दुपारची बस धर.”

“तीन तास म्हणजे लई झाले हो.”

“व्हय. पण निघतो तर खरा.” मग म्हणाला, “दानू, त्या हॉस्टेलाजवळ आपलं कोणच न्हाय का?”

कोण असणार? मग तिला पुण्यातल्या सोलापूरकरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला; बसूच्या प्रवेशाच्या वेळी ती त्यात शिरली होती. खोली भाड्यानं, कडक भाकरी मिळेल, सोलापूरला जाणाऱ्या गाडीत एक सीट रिकामी; असलेच मेसेज यायचे. चारशे माणसं, ओळखीचं एक नाही. तिनं कधी त्यात एक शब्द लिहिला नव्हता. आपलं घरचं लोकांसमोर कशाला, असं तिला वाटायचं. शांभवीला बूट घालता घालता, एका हातानं, ती लिहू लागली. दोनदा खोडलं. मग खोडायचं थांबवलं.

“नमस्कार. मी दानेश्वरी, जुळे सोलापूर. हे जो कुणी वाचत असेल आणि कर्वेनगरच्या आसपास असेल, त्याला हात जोडून विनंती आहे. जुन्या पेट्रोल पंपामागं पिवळ्या रंगाचं मुलांचं हॉस्टेल आहे. दुसरा मजला, खोली दोनशे सतरा. आत माझा भाऊ आहे, बसवराज. फोन बंद आहे. आम्ही निघालोय, पण पोचायला वेळ लागेल. कृपा करून कुणीतरी आत्ता जा. वॉचमन नको म्हणाला तरी वर जा. पहिल्यांदा दार वाजवल्यावर तो उघडणार नाही, कुणी आपल्यासाठी आलंय असं त्याला वाटणारच नाही. परत फिरू नका. त्याचं नाव घ्या, मोठ्यानं घ्या. तिथंच उभे राहा. दाराखालच्या फटीतून बाहेर उभ्या माणसाची सावली आत दिसते. त्याला ती दिसू द्या, आणि तो बोलला की मला कळवा. काहीही बोलू दे. चिडला, हाकललं, तरी चालेल. तो बोलला एवढंच मला कळवा.”