कार्डावरची एकच रेघ

हिराच्या तोंडून पहिल्या फटक्यात खरा भाव निघाला, असं कुणी सांगितलं तर रत्नागिरीच्या मासळी बाजारातली माणसं हसतील. सुरमईचा जो भाव मनात असेल त्याच्या दुप्पट ती सांगायची. गिऱ्हाईक नाक मुरडणार, निम्म्यावर येणार, मग दोघंही खूश. यात लबाडी आहे असं तिला कधी वाटलं नाही. मासे विकायचे ते असेच. वाईट एवढंच, की ही सवय पाटीबरोबर बाजारात ठेवून घरी येणं तिला कधी जमलं नाही. रेशनच्या दुकानात तिच्या घरातली माणसं वाढायची आणि शाळेच्या दारात पोराचा ताप चढायचा.

त्या सकाळी जेटीवर बोटीत बर्फ भरणं चाललं होतं. तिचा नवरा शिवा त्या बोटीवरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. बोलता बोलता तो छाती धरून खाली बसला. हवेत गारवा होता, तरी त्याचा सदरा घामाने भिजून गेला.

"पित्त हाय गो, बसंल आपोआप," तो म्हणाला.

हिराने त्याचं काहीएक ऐकलं नाही. रिक्षा थांबवली, त्याला आत कोंबलं आणि चढावरच्या खासगी दवाखान्यात आणलं.

बाकांवर ही गर्दी. हिराने एका नजरेत ती मोजली. आत्ताच दुखायला लागलंय म्हटलं तर "बसा" म्हणतील. सासूच्या वेळी असंच बसवून ठेवलं होतं. तिने राजश्री नर्सला सांगून टाकलं, "कालच्या सकाळपास्ना यांच्या छातीत दुखतंय. रातभर डोळ्याला डोळा नाय."

खरं तर 'छातीत' हा शब्द ऐकताच राजश्री उठली होती. पुढचं काही सांगायची गरजच नव्हती. शिवाने बायकोकडे एकदा पाहिलं. बोलायचं खातं लग्नापासून तिच्याकडेच होतं.

डॉक्टर मृणाली वयाने लहान, पण शांत बाई. तिने कार्डिओग्राम काढला. त्यात ठाम असं काही दिसेना. "मावशी, नक्की कधीपासून दुखतंय? नीट आठवून सांगा, यावर पुष्कळ अवलंबून आहे."

एकदा भाव सांगितल्यावर लगेच खाली उतरायचं म्हणजे हिराला कमीपणा वाटायचा. "कालच्या सकाळपास्नाच," ती म्हणाली.

मग खाटेशेजारीच शिवाचं रक्त काढून एका लहानशा कार्डावर त्याचे थेंब टाकले. सुनेला दिवस गेले तेव्हा घरी असंच कार्ड आणलं होतं, हिराला आठवलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "एक रेघ येतेच. हृदयाला इजा झाली असेल तर दुसरी रेघ उमटते. उमटली तर धोका मोठा. मग लगेच कोल्हापूरला हलवायचं."

निकाल येईपर्यंत हिरा त्या कार्डाकडे बघत उभी होती. दुसरी रेघ काही आली नाही.

"कालपासून दुखतंय आणि तरी रेघ नाही, म्हणजे हृदयाचं दिसत नाही," डॉक्टर म्हणाली. "तरी आज कामावर जायचं नाही. आराम करा, संध्याकाळी परत या."

बाहेर येताच शिवाने चपला सरकवल्या. "बोट खोळंबलीय. बांगडा लागलाय, आज बसून चालायचा नाय."

"डॉक्टर बाय नको म्हणली ना?"

"अगो, रेघ नाय म्हणली ती. दुखना पन उतरलाय."

तो गेला. हिरानेही त्याला फारसं अडवलं नाही. जीव इतका हलका झाला होता, की भांडण करावंसंच वाटेना.

ती गोळ्या घ्यायला थांबली. राजश्री पुडी बांधता बांधता सहज बोलली, "कालपासूनचं दुखणं म्हणून बरं. दुखायला लागल्या लागल्या तपासलं असतं, तर त्या एका रेघेला काही अर्थ नसतो. इजा झालेली रक्तात दिसायला काही तास लागतात. तसं असतं तर त्यांना इथून हलूच दिलं नसतं."

हिराने पुडी हातात घेतलीच नाही. आत जाऊन बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर खोटी ठरायची. क्षणभर तिला तशीच घरी जावंसं वाटलं, आणि त्या क्षणाची तिला स्वतःचीच किळस आली. ती धावत आत गेली.

"बाय, कालचा नाय. आजच सकाळी, हितं आणायच्या जरा आधी."

डॉक्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठून उभी राहिली. "कुठे आहेत ते?"

हिराने फोन लावला. मागे इंजिनाची धडधड होती.

"माघारी फिरा. मी खोटा सांगितलेला. रेघ उशिरा येते. जिवाला धोका हाय तुमच्या!"

शिवा हसला. पंचवीस वर्षांहून जास्त संसार केलेला माणूस. बायकोचं बोलणं किती धरायचं हे त्याला पाठ होतं. "एवडा तू सांगतस म्हंजे निम्मा धरायचा. येतो मी सांजला."

"सोन्यासारख्या पोराची शपथ, खरा सांगतंय!"

"जाळा टाकायचा हाय, ठेव आता." फोन बंद झाला.

डॉक्टरने स्वतः लावून पाहिला. लागेना. दोघी जेटीवर धावल्या. तिथून वायरलेसवर निरोप धाडला, तेव्हा पलीकडून लवू खलाशी बोलला. बोट आधीच फिरवली होती. तांडेल जाळं ओढताना आडवा झाला होता.

बोट धक्क्याला लागली. लवू कुणाच्या नजरेला नजर देईना. डॉक्टर मृणाली बॅग घेऊन बोटीत उतरली. शिवाच्या मानेवर तिने बोटं ठेवली, डोळे उघडून पाहिले, आणि मग बॅग तशीच बंद ठेवून ती त्याच्याजवळ बसून राहिली.

हिरा तिच्या मागोमाग उतरली. तिने शिवाचा हात उचलला, बाही वर सारली आणि डॉक्टरपुढे धरला.

"काढा ना रक्त, बाय. आता आली असंल रेघ. आजच्याच सकाळचा हाय, बाय, आजच्याच."