तीन डावांचे नियम

मीना नावाच्या बंदरावरच्या कहवाखान्यात रशाद आणि वजीह मास्तर एकतीस वर्षं रोज दुपारी फासे टाकून सोंगट्या चालवायच्या ताउलाचा पट मांडत. रशाद होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, वजीह शाळेत भूमिती शिकवायचा. आधी फ्रांजिया, मग महबूसा, शेवटी मग्रबिया, हा क्रम कधी मोडला नाही. पट तोच, सोंगट्या त्याच, पण प्रत्येक डावाची रीत निराळी. फ्रांजियात एकटी सोंगटी सापडली की मारायची, पटाबाहेर काढायची. महबूसात मारायची नाही, तिच्या डोक्यावर बसायचं. आपण उठेपर्यंत तिनं तिथंच कुजायचं. मग्रबियात कुणी कुणाला हात लावायचा नाही, नुसती वाट अडवायची. कुणाचा वाद झाला की निवाडा मास्तरांचा.

एकतिसाव्या वर्षी महबूसा चालू असताना वजीहनं रशादची एकटी सोंगटी उचलली आणि बाहेर ठेवली.

"मास्तर, फ्रांजिया मघाशीच संपला की! लक्ष कुठाय?"

"झोप झाली नाही रे," वजीह हसला.

पुढच्या आठवड्यात मग्रबियात तो रशादच्या सोंगटीवर जाऊन बसला. मग एका गुरुवारी तर एकाच डावात तीनदा चुकीची चाल. रशाद आधीच हरत होता. त्यात कहवाखान्याचा मालक अबू नायफ पाठीमागून खिदळला, "रशाद, डोळ्यांदेखत लुटतायत रे तुला!"

रशादचं टाळकं सरकलं. "जन्मभर पोरांना शहाणपण शिकवलंस, आणि आता म्हातारपणी सोंगट्या चोरतोस? लबाड कुठला!"

वजीह पटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आपला कुठला डाव चाललाय?"

सगळे खो खो हसले. रशादला वाटलं, चोर तो चोर आणि वर थट्टा करतो. त्यानं पट फाडकन मिटला. वजीह उठला, टोपी तिथंच विसरून निघून गेला.

दोन महिने तो फिरकला नाही. चूक त्याची, त्यानंच यावं, असं म्हणत रशादही ताठ राहिला. शेवटी वजीहची बायको हुदा त्याच्या दारात उभी राहिली.

"रशादभाऊ, त्यांना घरचा रस्तासुद्धा आठवत नाही आता. त्या गुरुवारी कुणाच्या तरी होडीत बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हे वर्षभरापासूनचं आहे."

"मग मला सांगितलं का नाही, वहिनी?"

तिनं एक चुरगळलेला कागद पुढं केला. "कोट धुवायला काढला, तेव्हा खिशात होता."

वजीहचं ते रेखीव अक्षर, खाली खाली वेडंवाकडं होत गेलेलं. फ्रांजिया: मारायचं. महबूसा: वर बसायचं. मग्रबिया: हात लावायचा नाही. आणि तळाशी: रशादला विचारायचं नाही, चिडतो.

रशाद तसाच निघाला. वजीह खिडकीपाशी बसला होता. त्यानं अदबीनं खुर्ची दाखवली. "बसा ना. आपण कोण?"

"मी... बंदरावरचा."

"ताउला खेळता? माझा एक मित्र होता. पण मी त्याला फसवलं. म्हणून तो येत नाही."

"तुम्ही नाही फसवलंत, मास्तर!" रशादचा आवाज फाटला. "तो खोटं बोलला!"

वजीहनं मान हलवली. "छे हो. रशाद खोटं बोलणारा माणूस नाही."

रशाद रोज जात राहिला. रोज तेच सांगत राहिला, आणि वजीह रोज एका अनोळखी माणसाची तीच समजूत घालत राहिला. हिवाळ्यात वजीहच्या डोक्यातून रशादचं नाव पुसलं गेलं. हुदाचंही गेलं. आपण कुणाला तरी फसवलंय, एवढंच त्याच्यापाशी उरलं. जो येईल त्याची तो हात जोडून माफी मागे.