मिस ऑर्लीनच्या कमरेवरून

दचकू नका, मी पिस्तूल बोलतोय. आमच्या जातीनं तोंड उघडलं की लोक कानांवर हात ठेवतात. पण आत्ता मी रिकामा आहे, तेव्हा निवांत ऐका.

वयानं म्हणाल तर मी अजून वर्षाचाही नाही. वरचा भाग पोलादी, मूठ प्लास्टिकची, आणि बांधा असा आटोपशीर की कमरेला लावून वर सदरा सोडला तर कुणाला पत्ताही लागू नये. कारखान्यातून खोक्यात बसून मी ओक्लाहोमातल्या एका लहानशा गावी आलो आणि बर्लच्या बंदुकांच्या दुकानात, काचेच्या कपाटात पहिल्या रांगेत बसलो. लगेच माझी पाहणी सुरू झाली.

येणारा प्रत्येक जण मला उचलायचा, रिकामा आहे ना ते दोनदा बघायचा आणि भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या हरणाच्या डोक्यावर नेम धरायचा. त्या बिचाऱ्याला मेल्यावरही सुख नाही! मग एकेकाची मतं. बर्लचा पंजा फावड्याएवढा, त्याची करंगळी माझ्या मुठीखाली लोंबायची. "गोड आहे, पण उरलेलं कुठं राहिलं?" तो म्हणायचा. म्हातारा होमर रोज फुकटची कॉफी प्यायला यायचा. "याच्यापेक्षा माझी कवळी जड भरेल," असं त्यानं चारचौघांत जाहीर केलं. मला भारी राग आला होता.

एका मंगळवारी मिस ऑर्लीन आली. वय चौऱ्याहत्तर, पायात रबरी बूट, अंगाला शेळ्यांचा वास. तिनं मला हातात घेतलं आणि मूठ तिच्या तळव्यात अशी बसली की मी खूश होऊन गेलो. करंगळीसुद्धा जागेवर!

"तुम्ही आपलं रिव्हॉल्व्हर घ्या, मिस ऑर्लीन," बर्ल म्हणाला. "बायकांना तेच सोपं जातं."

"कुठल्या बायकांना? त्याचा चाप केवढा जड! दूध काढून काढून माझ्या बोटांच्या गाठी झाल्यात, दिसत नाही तुला?"

पण माझीही एक खोड होती. माझा वरचा भाग मागे ओढून सोडल्याशिवाय गोळी जागेवर जात नाही, आणि आतली स्प्रिंग चांगलीच ताठ. मिस ऑर्लीननं ओढलं. अर्ध्यावर आलं आणि निसटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा निसटलं. होमर कपात तोंड घालून हसला.

"हस बाबा. शनिवारी डार्ला येतेय," ती म्हणाली.

डार्ला म्हणजे तिची लेक, डॅलसला राहणारी. वसंतात मोकाट कुत्र्यांनी दोन शेळ्या फाडल्या, तेव्हा नवऱ्याची जुनी बंदूक मिस ऑर्लीनला खांद्यापर्यंत उचलवली नव्हती. तेव्हापासून लेकीचा एकच धोशा: शेळ्या विकून टाक आणि माझ्याकडे चल. शेवटी दोघींचा तह झाला होता, तो मिस ऑर्लीननं तिथंच सांगून टाकला. कुणाच्या मदतीशिवाय हत्यार भरून, नेम मारून दाखवलं तर आईनं शेतावर राहायचं. नाही जमलं तर त्याच दिवशी सामान बांधायचं.

होमरनं कप खाली ठेवला. नंतर तो हसला नाही.

"तरी हेच दे," मिस ऑर्लीन म्हणाली.

पुढचे तीन दिवस तिनं स्वयंपाकघरात माझ्याशी झटापट केली. मी मनातून किती सैल व्हायला बघायचो! पण स्प्रिंग काही माझं ऐकेना.

शुक्रवारी सकाळी पर्ल नावाची शेळी विताना अडली. सवय व्हावी म्हणून मिस ऑर्लीननं मला रिकामाच कमरेला लावलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. तिनं हात साबणानं धुतला आणि गुडघ्यांवर बसली. "ओढायचं नाही गं राणी, ओढलं की आणखी अडकतं," ती पर्लला समजावत होती. "आधी ढकलायचं, पाय सरळ करायचे, मग येतंय बघ." आणि आलंच की! एकामागोमाग दोन पिल्लं, ओलीचिंब आणि चिडलेली.

हात धुऊन ती पालथ्या बादलीवर बसली. माझ्याकडे बघत राहिली.

"मूर्ख आहेस, ऑर्लीन," ती स्वतःलाच म्हणाली. भिंतीकडे तोंड करून तिनं माझा वरचा भाग डाव्या पंजात जागच्या जागी दाबून धरला आणि उजव्या हातानं मूठ पुढे ढकलली. बोटांचा नाही, सगळ्या खांद्याचा जोर. खट्ट! मी पूर्ण उघडलो. ती इतक्या मोठ्यानं हसली की पर्ल दचकून उभी राहिली.

शनिवारी डार्ला आली. गाडीत मागे सामान बांधायची आठ खोकी. कुरणात मातीच्या बांधापुढे केक भाजायचं जुनं पत्र्याचं ताट टांगलं होतं.

"ममा, हात थरथरतोय तुझा."

"दहा वर्षं झाली त्याला. तू मागे हो."

तिनं मला भरलं, ढकललं, आणि मी पाचदा बोललो. चार गोळ्या ताटात. पाचवीनं खांबाचा टवका उडवला, त्यात चूक माझी होती असं मी मानतो.

डार्लानं जवळ जाऊन ताटाची भोकं मोजली. मग तिनं मला रिकामा करून मागितलं आणि जोर लावून ओढलं. नख तुटलं, मी जागेवरच.

"ओढू नकोस, ढकल," आई म्हणाली.

डार्लानं ढकललं. खट्ट झालं, ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "मला भीती वाटते गं, ममा."

"मलाही वाटते. पण डॅलसमध्ये जास्त वाटते."

संध्याकाळी डार्लानं खोकी जोडली, त्यांत गवत भरलं आणि पर्लची पिल्लं आत ठेवली. रविवारी ती रिकाम्या गाडीनं परत गेली.

आता मी रोज मिस ऑर्लीनच्या कमरेला असतो. नातवंडं आली की कुलपात. मोकाट कुत्र्यांची टोळी एकदा आली होती. मी तयारीत होतो, पण मिस ऑर्लीननं बादली बडवून अशा काही शिव्या हासडल्या की ती शेपूट घालून पळाली. मला बाहेरसुद्धा काढावं लागलं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग तिनं मला थोपटलं, आणि आनंद झाला.

एकच विनवणी करतो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या हातून एखादी गोष्ट दोनदा, तीनदा निसटली, तर लगेच ती काढून घेऊ नका. तिला शुक्रवारपर्यंत वेळ द्या.