तळहातावरचा काटा

काटा काढावा तर चंद्राबाईनेच, असं कुंभिवलीपासून आत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात सगळे म्हणत, आणि खुद्द चंद्राबाईचंही त्याबाबतीत दुमत नव्हतं. कुंपणाच्या बोराटीचा काटा असो, करवंदीचा असो, नाहीतर बोटात रुतलेला माशाचा गळ असो, माणूस लंगडत तिच्या ओटीवर यायचा आणि सरळ पावलांनी घरी जायचा. हत्यार म्हणाल तर बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन, बास. ती निखाऱ्यावर धरायची, पाय मांडीवर घ्यायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. समोरचा तिच्या शिव्या ऐकण्यात गुंगला की काटा बाहेर आलाच म्हणून समजा.

सासूपासून चालत आलेली एक रीतही ती पाळायची. काढलेला काटा फेकायचा नाही. ज्याचा पाय, त्याच्या तळहातावर तो ठेवायचा. त्याने तो नीट बघायचा, टोक शाबूत आहे ना याची खात्री करायची आणि आपल्या तोंडाने ‘निघाला’ म्हणायचं. काढणारीने म्हटलेलं चालत नाही. दुखणं ज्याचं, साक्षही त्याचीच. मग जखमेवर हळद-तेलाचा चटका, आणि वर कपभर चहा.

तर अशा या बाईने पंचेचाळिशी ओलांडली आणि तिचे हात आखूड पडायला लागले. म्हणजे तांदूळ निवडताना सूप गुडघ्यापासून लांब सरकायला लागलं, मोबाइल बघताना हात पार ताणला तरी नंबर दिसेना. नवरा भिवाजी रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. त्याच्या नाकावर कधीचा चष्मा होता. तो एकदा सहज म्हणून गेला की, तुला चाळिशी लागलीय, खालापूरला जाऊन चष्मा कर. झालं. त्या दिवशी भिवाजीला डाळ अळणी मिळाली. आमच्या माहेरात कोणाला चष्मा नाही, माझी आय मरेपर्यंत सुईत दोरा ओवायची, असं तिने त्याला ऐकवलं. शिवाय लांबचं तिला घारीसारखं दिसायचं. डोंगरावर चरणाऱ्या म्हशींतली आपली कोणती, हे ती ओटीवरून शिंगांवरून सांगायची. अशा बाईचे डोळे बिघडले, असं म्हणायची छाती कोणाची? तिच्या मते दोष होता तो सुयांचा, हल्ली त्यांना नेढंच बारीक पाडतात. काट्यांचं म्हणाल तर ते ती आता बोटांनी चाचपून काढायची. बोटांना सगळं कळतं, डोळे हवेत कशाला, असा तिचा हिशेब.

तिची सून सुप्रिया बारावी शिकलेली, अंगाने काटक आणि बोलायला एकदम कमी. लग्नानंतर वर्षभरात तिने नवऱ्याला, म्हणजे टेंपो चालवणाऱ्या संतोषला, हळूच सांगितलं की मला पोलीस भरतीला उतरायचंय. संतोषने ते घाबरत आईच्या कानावर घातलं. त्याला वाटलं होतं आता घर डोक्यावर घेणार. पण चंद्राबाईने सुनेला नवे बूट आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे डांबरी रस्त्यावर सून धावायला लागली आणि सासू नाक्यावर उभी राहायला लागली. बायका कुजबुजल्या, सून पळवायला काढलीय म्हणाल्या. तेव्हा विहिरीवर पदर खोचून चंद्राबाईने जाहीर केलं, ‘‘माझी सून पळते, तुमच्या पोटात का कळ येते गं?’’ त्यानंतर कुजबूज बंद झाली, निदान ती असताना तरी. सुप्रिया वर्दीत घरी येणार, हे चंद्राबाईने मनात पक्कं करून टाकलं होतं. सुनेपेक्षा तिलाच ते जास्त हवं होतं म्हणा ना.

मैदानी चाचणीची तारीख कळली, अलिबागला जायचं ठरलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात, गवत कापायला गेलेल्या सुप्रियाचा पाय कुंपणावर पडला. बोराटीचा काटा स्लीपरच्या आरपार टाचेत गेला.

चंद्राबाईने पाय मांडीवर घेतला. पिन तापवली, चाचपलं, उकरलं, शिव्या घातल्या आणि पिनेच्या टोकावर काहीतरी आलं ते सुनेच्या तळहातावर ठेवलं. सुप्रियाने ते बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग खाली मान घालून ती म्हणाली, ‘‘निघाला, आई.’’ चंद्राबाईने चहा टाकला.

दोन-तीन दिवस पोरगी पळत राहिली. एका पहाटे चंद्राबाई नाक्यावर उभी होती, आणि लांब वळणावरून येणारी सून तिला दिसली. लांबचं दिसतच होतं ना तिला. डावा पाय सरळ पडत नव्हता, टाच उचलून टाकत होती. जवळ आल्यावर मात्र नीट पळायचं सोंग. चंद्राबाईने तिला तिथेच दगडावर बसवलं, बूट काढला आणि टाचेला हात लावला. टाच तव्यासारखी तापली होती.

संतोष तिला मोटरसायकलवरून खालापूरला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि आत तुकडा आहे म्हणून सांगितलं. सूज उतरेल. पण तुकडा आपणहून वर आला नाही तर कापून काढावा लागेल, टाके पडतील आणि मग पंधरा दिवस पळायचं नाव नको. चाचणी तर पुढच्या आठवड्यावर आलेली.

संध्याकाळी चंद्राबाईने सुनेला समोर बसवलं. तू तर निघाला म्हणालीस, मग हातावर काय होतं, असं विचारलं.

‘‘कातडं होतं, आई. नुसतं कातडं.’’

‘‘मग बोलली का नाय?’’

‘‘तुमी खुशीत होतात. म्हटलं, कशाला उगाच तुमाला…’’

चंद्राबाईने नवऱ्याकडे बघितलं, तर तो चष्मा पुसायला लागला. तीस वर्षांच्या संसारात ती त्याचं चष्मा पुसणं ओळखून होती. काय ते बोला म्हणाली. भिवाजीने आधी आढेवेढे घेतले, मग एकदाचं सांगून टाकलं. गेल्या वर्षी शेतात त्याच्या पायात काटा गेला होता आणि तिने काढला होता. तो त्याने दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या खोलीत पुन्हा काढून घेतला. शेजारच्या गोमाने त्याचा कुंभिवलीच्या दवाखान्यात काढून घेतला. वरच्या आळीतल्या पोशाचा त्याच्या बायकोने घरी काढला. गावात सगळ्यांना माहीत होतं. चंद्राबाईच्या ओटीवर जायचं, निघाला म्हणायचं, चहा प्यायचा आणि मग खरा काटा काढायला दुसरीकडे जायचं.

‘‘आणि मला कोणीच सांगितलं नाय?’’

‘‘तुला कोण सांगणार?’’ भिवाजी म्हणाला. ‘‘मी चष्म्याचं बोललो तर तू मीठ बंद केलंस.’’

चंद्राबाईला रडू आलं. डोळे गेले त्याचं नाही. वर्षभर अख्खा गाव तिच्या तोंडावर खोटं बोलत होता, लहान पोराला फसवून भरवावं तसं तिला मान देत होता, त्याचं. आणि त्या मानापायी पोरीचं मैदान हातचं जायची वेळ आली होती. ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. पण चंद्राबाई रडत बसणाऱ्यांतली नव्हे. सकाळी उठून तिने कुंपणातला एक बोराटीचा काटा मोडला, पदराच्या गाठीत बांधला आणि एकटीच खालापूरची गाडी धरली.

चष्म्याच्या दुकानात अनुपम नावाचा तरुण होता, बोलायला मऊ. त्याने तिला खुर्चीत बसवलं, डोळे तपासले आणि बारीक अक्षरांचं कार्ड हातात देऊन वाचायला सांगितलं. चंद्राबाईने कार्ड बाजूला ठेवलं, गाठ सोडली आणि काटा तळहातावर घेतला. अक्षरं चौथीपुरतीच येतात मला, म्हणाली, मला याचं टोक दिसलं पाहिजे. अनुपम हसला नाही. बरं मावशी, म्हणाला, आणि एकेक भिंग घालून विचारत गेला. आता? आता? नाही, नाही. मग एक भिंग असं बसलं की काट्याचं टोक लख्ख दिसलं, टोकावरचा तांबूस ठिपकासुद्धा. त्याच्या खाली तिचा स्वतःचा तळहात होता. भेगा, चुलीचा जुना डाग, विळ्याचा वण. आपलाच हात, आणि तो किती दिवसांनी भेटतोय, असं तिला वाटलं. ‘‘हाच दे,’’ ती म्हणाली, ‘‘आणि आत्ताच्या आत्ता दे.’’ अनुपमने तयार चष्म्यांतला त्याच नंबरचा काढून दिला.

ती चष्मा लावूनच गाडीत बसली. रस्ता धूसर, गाडीची दांडी हलते की आपण हलतो कळेना, मळमळून आलं. शेजारच्या बाईने सांगितलं की अहो, तो जवळचा आहे, लांबचं बघताना काढायचा. चंद्राबाईने काढला, आणि जग पुन्हा जागेवर आलं. एवढंच होय, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

घरी आल्यावर तिने सुनेला सांगितलं, की डॉक्टरकडे कापायला जायचं असेल तर मी आत्ता बरोबर येते, माझा राग नाही. मी एकदा बघू का, ते तूच सांग. सूज बरीच उतरली होती. सुप्रियाने पाय तिच्या मांडीवर ठेवला.

भर दुपारच्या उन्हात, ओटीच्या कडेला, चंद्राबाईने चष्मा लावला आणि सुनेचं पाऊल बघितलं. खरं म्हणजे पहिल्यांदाच बघितलं. टाचेच्या कडा फुटलेल्या, अंगठ्याखाली फोड येऊन सुकलेले, करंगळीचं नख काळं पडलेलं. महिनोन् महिने पोरगी या पायांवर पळत होती आणि सासू नाक्यावर उभी राहून लांबून नुसतं कौतुक करत होती. माझी बाय गं ती, एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी शिव्या नव्हत्या.

काळा ठिपका दिसला. पिनेने वरची कातडी अलगद बाजूला केली, दाबलं, आणि तुकडा वर आला. चंद्राबाईने तो सुनेच्या तळहातावर ठेवला आणि वाट बघत राहिली. सुप्रियाने हात उन्हाकडे नेला. मग सासूकडे बघितलं.

‘‘नाय, आई. टोक आतच हाय.’’

चंद्राबाईच्या शेजारी बसलेल्या भिवाजीने श्वास रोखला. पण चंद्राबाईने चष्मा नाकावर नीट बसवला, तळहातावरचा तुकडा स्वतः बघितला आणि मान डोलावली. खरंच की, म्हणाली. पुन्हा पाय घेतला. सुप्रियाने ओटीची कड धरली, डोळ्यांतून पाणी आलं तरी पाय मागे घेतला नाही. टोक आलं तेव्हा ते तिळाच्या टोकाएवढं होतं. पोरीने ते बघितलं, बोटाने चाचपलं आणि मगच म्हणाली, ‘‘आता निघाला.’’

पुढचे दिवस डॉक्टरांच्या गोळ्या आणि सासूची जरब, दोन्ही वेळच्या वेळी चालू राहिलं. टाच भरली. दोन पहाटे हलकं पळून झालं आणि अलिबागचा दिवस उजाडला.

मैदानाच्या जाळीला धरून चंद्राबाई उभी राहिली. चष्मा कपाळावर सरकवलेला, लांबचं बघायला तिला तो नको होता. शिट्टी झाली आणि आठशे मीटरला पोरी सुटल्या. सुप्रिया पहिल्या फेरीला मागे पडली. चंद्राबाई जाळी हलवून ओरडायला लागली, आजूबाजूचे वळून बघायला लागले, तिला कुठली पर्वा. दुसऱ्या फेरीत सुनेने पाय पूर्ण टेकवला. हे जाळीबाहेरच्या गर्दीत फक्त एकीला दिसलं. मग पोरगी एकेकीला मागे टाकत आली आणि वेळेत पोचली. लेखी परीक्षा अजून बाकी होती, पण मैदान मारलं होतं.

सुप्रिया बाहेर आली, घामाने निथळत. सासूने कसं झालं म्हणून विचारलं. आधीची सुप्रिया असती तर ‘चांगलं झालं, आई’ म्हणून मोकळी झाली असती.

‘‘पयल्या फेरीला घाबरले, आई,’’ ती म्हणाली. ‘‘पाय जपून टाकला, तिथंच मागे पडले. आणि खरं सांगू? तुमी जाळीला धरून वरडत होता ना, मला लाज वाटत होती.’’

चंद्राबाईला असं हसू फुटलं की जाळीपाशीच्या पोरीही हसायला लागल्या. आनंदाने तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

‘‘अजून काय हाय मनात? समदं सांग,’’ ती म्हणाली, आणि सुनेचा हात धरून एसटी स्टँडकडे चालायला लागली. सुप्रियाने सांगायला सुरुवात केली.