नऊ नंबरचा मान

बारामतीत डॉक्टर मोहनरावांच्या दवाखान्यात अठ्ठ्याण्णव साली श्वासाचं परदेशी यंत्र आलं. पूजा झाली, नारळ फुटला आणि साखर कारखान्याचे माजी संचालक मानसिंगराव यांनी बटण दाबलं. त्या वेळी पडद्यावर पेशंटच्या घशातल्या नळीच्या मापाचा आकडा होता नऊ. थोरामोठ्यांचा हात लागलेला आकडा बदलायचा कसा? डॉक्टरांनी आकडा फिरवायच्या बटणाला कुंकू लावून वर चिकटपट्टी मारली, ‘हात लावू नये’. पेशंट येतील जातील, मान राहिला पाहिजे.

भिगवणच्या कुशाबाईचा नवरा रामहरी त्याच यंत्रावर होता. त्याला मण्यार चावली होती. विष उतरलं, हातपाय हलू लागले. पण घशातल्या नळीतून स्वतः श्वास घ्यायला लावला की घामाघूम व्हायचा. तीन दिवस हेच.

"म्हाताऱ्यात जिद्दच नाही. उद्या गळ्याला भोक पाडू," असं सांगून डॉक्टर जेवायला गेले.

कुशाबाई उठून यंत्रापाशी आली. तिने दिपाली सिस्टरला विचारलं, "ह्यो डबा करतो तरी काय?"

"नळी बारीक, आजी. तिच्यातून श्वास ओढायला जास्त जोर लागतो. तेवढा जोर यंत्र भरून काढतं. फक्त नळीचं माप त्याला सांगावं लागतं."

उजनीचं पाणी शेतात चढवण्यात कुशाबाईची हयात गेली होती. पायपावरचे इंग्रजी आकडे तिला वाचता येत. तिने नळी न्याहाळली. सात. पडद्यावर नऊ.

"पाइप सातचा हाय आन डबा नऊचा समजून जोर लावतुया. कमीच पडणार की. दुखणं रेड्याला आन डाग पखालीला. गळा कशाला कापता?"

दिपालीने मान खाली घातली. तिला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. "पट्टी काढली तर माझी नोकरी जाईल, आजी."

"पट्टी मी काढते," म्हणत कुशाबाईने ती ओरबाडली. "आकडा तुमी फिरवा."

आकडा सातवर आला आणि रामहरीच्या खांद्यांची ओढाताण थांबली. संध्याकाळपर्यंत तो शांत श्वास घेत राहिला. डॉक्टरांनी तपासून नळी काढली आणि छाती फुगवून म्हणाले, "बघा, मानसिंगरावांच्या हाताचा गुण."

कुशाबाई मालकाचे ओठ पुसत होती.

"त्यांचा हात काढला, तवा गुण आला," ती म्हणाली. पदराला चिकटलेली पट्टी तिने सोडवली आणि डॉक्टरांच्या हातात ठेवली. "ह्यो तुमचा मान. आमाला श्वास पुरे."